सातव्या रेघेखाली

येल्मविक, ११ फेब्रुवारी

गुनवर,

सापडली.

थांब, आधी बस. तिरिल सापडलेली नाही, जागा सापडली आहे. हा फरक पहिल्याच शब्दात करायला हवा होता, आणि एरवी मी तो केलाही असता. पण आपली पोर त्या हिमनदीत गेल्यापासून मला मनापासून लिहावासा वाटलेला हा पहिलाच शब्द, म्हणून खोडत नाही.

फोन करायचा नाही असं तू बजावलंस म्हणून हे पत्र. "तुझ्या आवाजात मला आता फक्त आकडे ऐकू येतात," असं तू दारात, बॅग खांद्याला लावून म्हणालीस. मी गप्प राहिलो ते पटलं म्हणून नव्हे. फेरीबोटीची वेळ झाली होती, आणि अर्धं आयुष्य फेरीवर काम केलेल्या बाईला तिच्याच फेरीला उशीर करायला लावणं मला बरं दिसलं नाही.

तुला आठवत असेल, शोधपथकाने काम थांबवल्यावर बर्गन विद्यापीठातली वेंके आपलं रडार घेऊन ग्रोब्रे हिमनदीवर गेली होती. स्कीवरून घसरगाडी ओढत तिने बर्फावर समांतर रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेखालून परत आलेल्या लहरी नोंदवल्या. मग आपल्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "बर्फ फार ओला आहे, ओद्वार. पोटात सगळीकडे पाणी आहे. यातून छातीठोकपणे काही सांगणं मला जमणार नाही." तू तिच्या कपात आणखी कॉफी ओतलीस. मी तिच्याकडून नोंदी मागून घेतल्या.

तिला सांगणं जमत नाही म्हणजे कुणालाच जमत नाही असं नव्हे. लहर खाली सोडली की वाटेत जे येईल त्यावर ती आपटते, फुटते, चहूकडे विखुरते आणि थोडीशी परत येते. दगडावरून आलेली वेगळी, पाण्यावरून आलेली वेगळी, माणसावरून आलेली वेगळी. मोकळ्या हवेत हा हिशोब कुणीही करेल. पण तिरिल मोकळ्या हवेत नाही. तिच्या डोक्यावर बर्फाचा पृष्ठभाग आहे, दोन्ही अंगांना भेगेच्या भिंती आहेत. तिच्यावरून निघालेली लहर वरच्या पृष्ठभागाला आतून धडकते, पुन्हा खाली जाते, भिंतीला लागते, पुन्हा वर येते. हे सगळं धरून गणित मांडायचं तर तयार प्रोग्रॅम मिळत नाहीत. मी लिहिला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा आहे. तू त्याला 'तुझं यंत्र' म्हणतेस. यंत्रं मी विकत आणली, प्रोग्रॅम वेगळा.

गणिताने सांगितलेली लहर आणि वेंकेने नोंदवलेली लहर मी एकावर एक ठेवत गेलो. सहा रेघांवर काही नाही. सातवीवर जुळल्या. अठरा मीटर खाली. ढोबळ जुळल्या नाहीत, चढउतारांसकट जुळल्या.

हिवाळाभर डोंगराआड असलेला सूर्य परवा पहिल्यांदा आपल्या खिडकीत आला. शाळेतल्या पोरांनी नेहमीसारखं गाणं म्हटलं. त्या दिवशीचे गोड बन मात्र मी आणले नाहीत. ते तिचं काम होतं.

ओद्वार


येल्मविक, ३ मार्च

गुनवर,

तुझं पत्र मिळालं. जागेबद्दल एक ओळ, आणि बाकी पानभर मेच्या दुसऱ्या शनिवारच्या तिच्या स्मरणप्रार्थनेबद्दल. पाद्रीबाईंशी बोलून झालं आहे, चर्च ठरलं आहे, तिच्या शाळेतली मैत्रीण ऑर्गन वाजवणार आहे. माझ्यासाठी पुढच्या बाकावर जागा ठेवशील, असंही लिहितेस.

मी येणार नाही. ज्याच्याखाली कुणी नाही अशा नावाच्या दगडासमोर उभं राहून मी मान खाली घालणार नाही. अठरा मीटरवर माझी मुलगी आहे. तिला वर आणू, मग तू म्हणशील त्या चर्चमध्ये, म्हणशील त्या बाकावर बसतो.

मी यूस्ताइनकडे गेलो होतो, त्या दिवशी तिच्यासोबत वर होता त्याच्याकडेच. हो, मीच गेलो. गेल्या उन्हाळ्यात मी त्याला आपल्या अंगणातून हाकलला होता तरी. तो गॅरेजमध्ये दोर वाळत घालत होता. मला बघून त्याचा चेहरा असा झाला की जणू मी पुन्हा मारायलाच आलो आहे.

म्हटलं, "जागा सापडली आहे."

"कॉफी घेशील?"

"यूस्ताइन, जागा सापडली आहे."

"ऐकलं मी. म्हणूनच कॉफी विचारतोय. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ही."

मी कागद पसरले. त्याला गणित कळत नाही, पण भेगा कळतात. त्याने सातव्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "ही भेग मला माहीत आहे. एप्रिलच्या सुरुवातीला, वरचं बर्फाचं छत अजून घट्ट असताना उतरता येईल. नंतर नाही. पथकातले दोघं येतील, मी विचारतो. पण उतरायचं मी."

"बरं."

"आणि एक. गुनवरने हो म्हटलं तरच."

"मी बाप आहे तिचा."

"तू बाप आहेस आणि तू येडा झालायस. गुनवरला विचार."

हे जसंच्या तसं लिहिलं. मला आवडलं नाही, पण तो तसंच म्हणाला.

तेव्हा विचारतो आहे. सोबत चित्र पाठवतो. वरची रेघ म्हणजे बर्फाचा पृष्ठभाग, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या भेगेच्या भिंती. लहर जिथे जोरदार तिथे लाल, जिथे क्षीण तिथे निळी. तळाशी जिथे लाल गर्दी आहे, तिथे ती.

समासात तू खोलीबद्दल विचारलंस. तिन्ही यंत्रं अजून तिच्याच खोलीत आहेत. घरात दुसरीकडे इतकी वीज नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पलंग खाली होडीघरात आहे, ताडपत्री घातली आहे, ओल लागलेली नाही. खोली उबदार असते. पंख्यांचा आवाज येतो, पण आता त्याची सवय झाली आहे. तो नसला तर मला चुकल्यासारखं होईल.

खिडकीत तिचा ट्रान्समीटर ठेवला आहे, बर्फाखालच्या माणसाचा माग लावून देणारा. यूस्ताइनच्या गाडीत राहिलेला, तिच्या गळ्यात असायला हवा होता तो. चालू ठेवला आहे. रडारच्या नोंदी जुळवून बघायला एक ठरावीक लहर हाताशी लागते, म्हणून. तू कुणाकडून तरी ऐकशील आणि भलतंच समजशील, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

उत्तर लवकर दे. बर्फ थांबत नाही.

ओद्वार


येल्मविक, २० मार्च

गुनवर,

तू हो म्हणालीस. आभार मानत नाही, कारण तू स्वतःच लिहिलंस की हे हो माझ्यासाठी नाही. यूस्ताइन आज ना उद्या चोरून उतरेलच, त्यापेक्षा दोघं दोर धरून वर उभे असलेले बरे, म्हणून आहे. ठीक. हो ते हो.

आता तुझा प्रश्न. तुझेच शब्द उतरवतो, म्हणजे मी ते वाकवले असं तू म्हणणार नाहीस: "मला तुझं गणित कळत नाही. पण धुक्यात धक्क्यावरचा दिवा मी आयुष्यभर बघितला आहे. बोट लांब गेली की तो मंद होतो. तुझ्या चित्रात बोट जितकी लांब जाते तितका दिवा मोठा होतो. लाल रंग खाली जाताना वाढतो. असं का?"

गुनवर, धुकं वेगळं आणि भेगेतला ओला बर्फ वेगळा. भेगेला दोन भिंती असतात. लहर त्यांच्यामध्ये अडकते, इकडून तिकडे आपटते, साठते. न्हाणीघरात गाणाऱ्याचा आवाज बाहेरच्यापेक्षा मोठा लागतो, तसं. पृष्ठभागाजवळची आणि थरांमधली लहर सरळ रेघेत मरत जात नाही, हेच तर या सगळ्या विद्येचं मर्म आहे. मी दहा वर्षं मासेमारी बोटींची रडारं दुरुस्त केली, त्यानंतर वीस वर्षं पुस्तकं घेऊन बसलो. एक एक पुस्तक, जिथून मिळेल तिथून. मला कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही आणि कुणाच्या शिफारशीवर माझं पोट चाललं नाही. माझे हिशोब तीन कंपन्या घेतात. त्यांनी आजवर मला दिव्याबद्दल विचारलेलं नाही.

तरी विचारलंस ते बरं केलंस.

वेंकेला दाखव, असंही लिहितेस. नाही दाखवणार. तिने एकदा सांगता येत नाही म्हणून सांगितलं आहे. आता मी तिच्या विद्यार्थ्यासारखा वही तपासून घ्यायला जाऊ का?

यूस्ताइन एप्रिलच्या पहिल्या शनिवारी उतरतो आहे.

ओद्वार


येल्मविक, शनिवार, ५ एप्रिल, सकाळ

गुनवर,

हवा स्वच्छ आहे. थंडीही हवी तितकी. तिघं पहाटेच स्की लावून वर गेले. माझा गुडघा चालत नाही म्हणून मी घरी. स्वयंपाकघरात पथकाच्या वाहिनीवर रेडिओ लावून बसलो आहे. निघताना यूस्ताइन दारात आला. मी त्याला तपकिरी चीज लावलेला पाव दिला, कागदात बांधून. तो म्हणाला, "तिरिल म्हणायची, बाबा चीज मोजून कापतो." मी म्हटलं, "जाडी सारखी असावी लागते." तो हसला.

रेडिओवर अजून नुसती खरखर आहे. नुसतं बसवत नाही. तुझ्या दिव्याचा प्रश्न डोक्यात राहिला आहे, मला तो राहू द्यायचा नाही. त्यांना भेगेपर्यंत पोचायला वेळ आहे. तेवढ्यात भिंती काढून टाकून नुसत्या बर्फाचा साधा हिशोब करतो आणि या पत्रासोबत लावून देतो. म्हणजे तुझी खात्री होईल आणि हा विषय संपेल.


रविवार, ६ एप्रिल

गुनवर,

कालचं पत्र अर्धवट राहिलं. टाकलं नव्हतं, दोन्ही एकत्र पाठवतो. हे आधी हाती लागलं असेल तर आधी ते वाच.

तिथे ती नाही.

कसं कळलं ते सांगतो. तुला ते सांगणं भाग आहे, कारण ते तुझ्यामुळे कळलं.

मी प्रोग्रॅममधून भिंती काढल्या. भेग काढली. तिरिलला काढलं. तिला काढायला एकच ओळ पुसावी लागते. उरला ओल्या बर्फाचा एक सपाट थर. वरून लहर सोडली आणि खालून किती बाहेर येते ते बघितलं. थोडी कमी यायला हवी होती; ओला बर्फ लहर पितो. जेवढी आत गेली, त्याहून जास्त बाहेर आली.

थर जाड केला. आणखी जास्त आली.

बर्फ दिवा होत नाही, गुनवर. जिथे काही पेटत नाही तिथून आत गेलं त्यापेक्षा जास्त बाहेर येऊ शकत नाही. हे गणित शिकायच्याही आधी माणसाला ठाऊक असतं. तुला होतं.

चूक सापडायला वेळ लागला नाही. प्रत्येक पदार्थाचे दोन आकडे असतात. पहिला सांगतो लहर किती मंदावेल, दुसरा सांगतो किती गिळली जाईल. त्या दुसऱ्या आकड्याच्या आधी अर्धं जग अधिक लिहितं आणि अर्धं उणे. लहरीचं डोलणं काळासोबत कुठल्या दिशेने मोजायचं, एवढ्यावर ते ठरतं. दोघंही बरोबर असतात, आपापल्या घरात राहिले तर. समीकरणं मी रडारवाल्यांच्या पुस्तकातून घेतली होती आणि बर्फाचे आकडे भौतिकीवाल्यांच्या तक्त्यातून. एका घराचं दार, दुसऱ्या घराची किल्ली. दार उघडलं, म्हणून मी आत गेलो. फक्त आत गेल्यावर जिथे लहर गिळली जायला हवी होती तिथे ती फुगत गेली.

तू म्हणशील, तपासलं नव्हतंस? तपासलं होतं. शंभर वेळा. कोरड्या बर्फावर. कोरडा बर्फ जवळजवळ काहीच गिळत नाही, दुसरा आकडा तिथे शून्यापाशी असतो, आणि शून्याला अधिक लावलं काय, उणे लावलं काय. सगळं काटेकोर जुळायचं. एका गुरूकडे शिकलेला माणूस ही चूक करत नाही. त्याला एकच घर माहीत असतं. ही चूक करायला माझ्यासारखा लागतो, दहा घरची पुस्तकं गोळा केलेला आणि कुणालाच न विचारणारा.

चिन्ह बदललं आणि पुन्हा हिशोब केला. अठरा मीटरवरून, त्या ओल्या बर्फातून, माणसावरून निघालेली लहर वर येईपर्यंत तिच्यात काही उरतच नाही. सातव्या रेघेवर वेंकेला जे दिसलं ते फार मोठं काहीतरी आहे. तिरिल तिथे असती तर दिसली नसती. दिसतं आहे, म्हणजे ती नव्हे.

तोवर रेडिओवर आवाज येत होता. यूस्ताइन उतरायला लागला होता.

बटण दाबायला मला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मी मोजलं नाही, यावरूनच काय ते समज.

"यूस्ताइन, वर ये."

"ओद्वार? काय झालं, हवा बिघडतेय का?"

"हवा ठीक आहे. तू वर ये."

"अरे, पाच-सहा मीटर राहिलेत. भिंत पक्की आहे. थोडं डावीकडे सरकलो की..."

"तिथे ती नाही."

खरखर. मग वरच्या दोघांपैकी कुणीतरी काहीतरी म्हणालं, ते मला कळलं नाही.

"तूच म्हणालास ना, तिथे आहे."

"गणित चुकलं," मी म्हटलं. मग बटण पुन्हा दाबून म्हटलं, "मी चुकलो."

"मग कुठे आहे ती?"

"माहीत नाही."

"किती चुकलास? म्हणजे जरा इकडे, जरा तिकडे? मी इथे आहेच तर बघून घेतो ना. ओद्वार, मी इथपर्यंत आलोय रे."

 त्या आशेत तो माझ्याइतकाच खाली उतरला होता. मी म्हटलं, "इकडेतिकडे नाही. मला काहीच दिसलेलं नव्हतं. बर्फ उजळ दिसत होता तो मीच उजळवला होता."

 तो अगदी हळू म्हणाला, "खाली पाणी आहे. वाहतंय. मघापासून ऐकू येतंय मला. तुला सांगणार नव्हतो."

मग त्यांनी त्याला वर ओढलं.

काल ग्रोब्रेवर काहीही कोसळलं नाही. छत तसंच आहे. तेव्हा मी कुणाला वाचवलं असं तू मनात आणू नकोस. गावात दोघंतिघं तसं बोलायला लागले आहेत. मी एका पोराला जिथे पाणी आहे तिथे आपली मुलगी शोधायला उतरवलं, आणि परत बोलावलं. बस्स एवढंच.

पत्र वाचून उत्तर देऊ नकोस. दिलंस तर वाचीन.

ओद्वार


येल्मविक, २८ एप्रिल

गुनवर,

तुझं कार्ड मिळालं. 'बरं केलंस कळवलंस' एवढंच लिहिलं आहेस. खाली काहीतरी लिहून खोडलं आहेस. उजेडात धरून बघितलं नाही. बघणार होतो.

वेंकेला फोन केला. मी बोलत गेलो, ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते. आणि तरी दर वर्षी एकजण तेच करतो. एका वर्षी मी स्वतः केलं होतं."

मी विचारलं, "आधी दाखवलं असतं तर?"

"पाच मिनिटांत सापडलं असतं," ती म्हणाली. तिने ते मऊ करून सांगितलं नाही, याबद्दल मला तिचा आदर वाटला. मग म्हणाली, "सातव्या रेघेवर मी पण दोन आठवडे अडकले होते, ओद्वार. मलाही ती तिथे हवी होती. सकाळी माझी खात्री असायची, संध्याकाळी नसायची. म्हणूनच तुमच्याकडे येऊन म्हटलं, सांगता येत नाही."

मी तिला इतके महिने भित्री समजत होतो.

तुझ्या चित्राचं राहिलं. योग्य चिन्ह घालून पुन्हा काढलं, ते सोबत आहे. पृष्ठभागापाशी थोडा लाल आहे, मग पिवळा, मग निळा, आणि मग नुसता काळा. तू म्हणालीस तसंच. बोट लांब जाते आणि धक्क्यावरचा दिवा विझतो. धुकं आणि ओला बर्फ यांबद्दल मी तुला जे लिहिलं होतं ते परत घेतो. फेरीवरची माणसं ही तुलना करू शकतात.

त्यानंतर मी आणखी एक केलं. केलं नसतं तर बरं झालं असतं. पुसलेली ओळ परत घातली. तिरिलला अठरा मीटरवर ठेवून बघितलं, मग दहावर, मग सहावर. आणि प्रत्येक वेळी तिच्याशिवाय. वर परत येणाऱ्या लहरी एकावर एक ठेवल्या. त्या ओल्या बर्फातून सहा मीटरवरही फरक दिसत नाही. ती आहे आणि ती नाही, या दोन्हींची रेघ एकच येते. त्या कागदाकडे मी किती वेळ बघत बसलो होतो कुणास ठाऊक. यंत्रं गणित करायची थांबली होती, पण पंखे चालूच होते.

मग यंत्रं बंद केली. तिन्ही. खोली लगेच थंड झाली.

दुसऱ्या दिवशी यूस्ताइन आला, हातात त्याच्या आईने केलेल्या वाफल्सचा डबा. दारात उभा राहून म्हणाला, "ट्रान्समीटर गाडीत राहिला कारण तिने जाकीट बदललं. ऊन होतं. जुन्या जाकिटासोबत मागच्या सीटवर राहिला. मी बघितला नाही. एवढंच झालं होतं, मला तुला एकदा सांगायचं होतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आत ये, वाफल्स गार होतायत."

खाऊन झाल्यावर आम्ही होडीघरातून पलंग वर आणला. तुला तो जिना माहीत आहे. वळणावर अडकला. मी वरून म्हटलं, "डावीकडे घे." तो खालून म्हणाला, "तुझं डावं का माझं?" मी पलंग धरून तिथेच थांबलो. त्याला वाटलं माझा गुडघा गेला. मी हसत होतो, गुनवर. हसता हसता तो प्रकार दुसराच काहीतरी झाला आणि त्याला पलंग एकट्याने जिन्यावर पेलून धरावा लागला.  बऱ्याच वेळाने म्हणाला, "ओद्वार, हे जड आहे रे."

पलंग आता खिडकीखाली आहे. तिच्या वेळी तो होता त्यापेक्षा चार बोटं दाराकडे, कारण भिंतीतून यंत्रांसाठी काढलेल्या तारा मध्ये येतात. त्या काढून घेईन.

ओद्वार


येल्मविक, ७ मे

गुनवर,

शनिवारी येतो. सकाळच्या फेरीने. तू त्या दिवशी कामावर नाहीस हे माहीत आहे, तरी सवयीने वर कठड्याशी बघेन.

पुढच्या बाकावर जागा ठेवली असशील तर यूस्ताइनसाठीही ठेव. तो म्हणतो, मागे उभा राहीन. त्याला मागे उभं राहू द्यायचं नाही. काळा कोट झटकून ठेवला आहे. पाद्रीबाईंनी विचारलं, दोन शब्द बोलाल का. नाही म्हटलं. माझ्याकडे दोन शब्द नाहीत. तुझ्याकडे असतील तर तू बोल, मी तुझ्या शेजारी उभा राहीन. दगडावर काय कोरायचं ते तू ठरवलंस ते चांगलं आहे. नाव आणि तारखा, बाकी काही नाही. तारखांमधली रेघ फार आखूड काढू नका म्हणावं कोरणाऱ्याला.

हिमनदी पुढे सरकत असते. जे तिच्या पोटात आहे ते एक दिवस ती खालच्या टोकाशी आणून ठेवते, हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे, तुलाही. ते कधी होईल याचं गणित करता येतं. मला बऱ्यापैकी करता येईल. करणार नाही आहे. कुणी करून दिलं तर वाचणार नाही.

आता एकच राहिलं. मार्चमध्ये तुला लिहिलं होतं की तिचा ट्रान्समीटर मी खिडकीत चालू ठेवला आहे, रडारच्या नोंदी जुळवायला. ते खोटं होतं. त्याच्या लहरीचा आणि रडारच्या लहरीचा काडीइतका संबंध नाही. वेंके ते वाचून हसली असती. तुला कळणार नाही हे ठाऊक होतं म्हणून तुला लिहिलं. गेल्या उन्हाळ्यात यूस्ताइन तो आपल्या दाराशी ठेवून गेला, तेव्हापासून तो चालू आहे. बॅटऱ्या उतरायच्या आत मी बदलत आलो आहे. त्याचं काम एकच आहे, दर क्षणी 'मी इथे आहे' एवढंच म्हणत राहायचं. ऐकणारा कुणी नसला तरी. तिच्या खोलीतून कुणीतरी ते म्हणत राहावं असं मला वाटलं.

यंत्रं बंद केली, पलंग आणला, पण तो अजून चालू आहे. त्याचा बारका हिरवा दिवा आता भर दुपारीसुद्धा दिसतो, खोलीत दुसरं काही लुकलुकत नाही म्हणून असेल.

शनिवारी तो कोटाच्या खिशात घालून आणतो. चालूच. चर्चमध्ये कुणाला ऐकू जाणार नाही, त्याला आवाज नसतो. प्रार्थना झाल्यावर, लोक कॉफीकडे गेले की, मला बाजूला घे. बटण कडेला आहे. ते आधी आत दाबून धरावं लागतं आणि मग फिरवावं लागतं, चुकून बंद होऊ नये म्हणून तसं केलेलं असतं. एका हाताने होण्यासारखं आहे, पण मला ते एकट्याने जमलेलं नाही.

ओद्वार